पेठ रस्त्याची टेकडी आणि ध्यानमंडपाची जागा

नाशिकच्या पेठ रस्त्याला जायचा विचार करत असाल तर फेब्रुवारीअखेर जा. डोंगर अजून पूर्ण भाजलेले नसतात आणि सकाळी शाल लागते. मी गेले ती मात्र फिरायला नव्हे, कामासाठी.

समीर माझा कॉलेजातला मित्र, नाशिकचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको अनघा कॅन्सरने गेली. शेवटच्या महिन्यांत औषधांनीही झोप लागेना, तेव्हा प्राणायाम आणि ध्यानाने तिला तास-दोन तास डोळा लागायचा. अशा आजारी, दमलेल्या माणसांसाठी डोंगरात एक योगकेंद्र काढायचं त्याच्या मनाने घेतलं. दोन भागीदार मिळाले, पेठच्या बाजूला एका टेकडीसकट जमीन मिळाली आणि जानेवारीत त्याचा फोन आला. "आराखडा तू कर. एकही झाड पडता कामा नये, एवढंच माझं म्हणणं." मी मातीची, कुडाची घरं बांधणारी वास्तुरचनाकार. असं काम रोज येत नाही. मी विचारसुद्धा केला नाही.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. सिन्नरच्या पुढे कारखान्यांच्या शेडा संपल्या की नाशिक आलंच म्हणून सगळे बॅगा काढायला लागतात. घाई करू नका, तिथून पुढेही गर्दीच्या वेळी तासभर जातो. नाशिक रोडला समीर गाडी घेऊन आला होता. तो खूप वाळला होता. आम्ही मिसळ खाल्ली, म्हणजे मी खाल्ली. तो पापडाचे तुकडे करत बसला.

पेट्रोल आणि पाण्याच्या बाटल्या शहरातच घ्या. घाट लागला की फोनची रेंज जाते आणि बराच वेळ हॉटेल मिळत नाही. दीड तासाने आम्ही डांबरी रस्ता सोडला. टेकडीच्या पायथ्याला पंधरा-वीस घरांचा पाडा आहे. त्यातल्या काशिनाथच्या घरी आमची जेवायची आणि मुक्कामाची सोय होती. काशिनाथ चाळिशीचा, बोलायला कमी. जेवण त्याची बायको यमुनाने केलं: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लाल मिरचीचा ठेचा. तुम्हाला कुठे असं जेवण मिळालं तर चमचा मागू नका.

दुपारी टेकडीवर गेलो. माथ्यावर एक सपाट जागा, कडेला मोहाचं जुनं झाड, समोर एकामागे एक डोंगर. समीर झाडाखाली थांबला. "अनघाला शेवटचं बाहेर आणलं ते इथे. दोन तास बसली होती. ध्यानमंडप इथेच हवा."

मला जागा पाहताक्षणी पटली. झाड तसंच ठेवून त्याच्याभोवती अर्धगोल मंडप, दगडी पाया, कारवीच्या भिंती, कौलं. खाली राहायच्या खोल्या, मैल्याचं खत होणारे संडास, न्हाणीचं पाणी केळींना. त्या दिवशी मी वहीची अकरा पानं भरली. किती खूश होते मी, ते आठवलं की आता कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी पायासाठी जमीन तपासायला तीन खड्डे घ्यायचे होते. मी चुन्याने खुणा केल्या. काशिनाथने पहिले दोन खड्डे दुपारपर्यंत घेतले. तिसरी खूण मोहाच्या बुंध्यापासून दहा पावलांवर होती. तिथे तो टिकाव टेकून उभा राहिला.

"ताई, हितं नको."

"का?"

"खडक हाय खाली."

मी लोखंडी कांब ठोकून पाहिली. ती सहज आत गेली. "माती मऊ आहे की. घ्या इथेच."

त्याने समीरकडे पाहिलं. समीर डोंगराकडे बघत होता. काशिनाथ खणू लागला, पण टिकावाने नाही. खुरप्याने, बसून, हळूहळू. मला वाटलं दमला असेल. दोनेक फुटांवर एक चपटा दगड लागला, तेव्हा त्याने खुरपं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात त्या दगडावर ठेवून तो तसाच बसून राहिला.

यमुना चहा घेऊन वर आली होती. तिने खड्डा पाहिला. किटली खाली ठेवली.

"तुमी खणलं?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी?"

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता.

"पोर हाय आमची इथं. आठ दिवसांची होती. पाड्यातली सगळी ल्हान पोरं इथंच ठेवतो. मोठ्यांना जाळत्यात, ल्हानग्यांना नाय."

मग मला ते दगड दिसले. कालपासून मी त्यांच्यावरून चालत होते. गवतात, मोहाच्या चारी बाजूंना, चपटे, साधे, वीस-पंचवीस तरी.

काशिनाथने हाताने माती परत लोटली. मी मदतीला वाकले तर यमुना म्हणाली, "राहू द्या ताई." मी मागे सरले.

खाली उतरताना मी समीरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"जमीन देणारा म्हणाला होता, जुने दगड आहेत काहीतरी. कागदावर नोंद नाही. मी जास्त विचारलं नाही." मग थांबून म्हणाला, "अनघाची थोडी रक्षा मी त्याच झाडाखाली ठेवली आहे. मला ती जागा सोडवत नाही गं."

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तो स्वतः काशिनाथच्या अंगणात गेला. यमुना धान्य पाखडत होती. त्याने माफी मागितली, नीट, हात जोडून.

सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "तुमची बाईबी तितंच हाय ना. तुमी राख ठिवली तवा मी गवत कापत होते. कुणाला बोलले नाय. म्हटलं, असू दे एक बाई. पोरांना सोबत व्हईल."

समीर तिथेच मातीत बसला. मी त्याला तिथे रडताना पाहिलं. अनघाच्या वेळी तो रडला नव्हता.

परतीच्या वाटेत त्याने मंडप खाली, ओढ्याच्या बाजूला घ्यायचं कबूल केलं. पुण्याला येऊन मी आठ दिवसांत नवा आराखडा पाठवला. माथा मोकळा, तिथे कोणतंही बांधकाम नाही. भागीदारांना तो आवडला नाही. लोक समोरच्या डोंगरांसाठी येणार, ओढा बघायला नाही, असं त्यांचं म्हणणं. समीरचा वाटा तिघांत सगळ्यात लहान. तो महिनाभर भांडला, मग थकला. "मी बाहेर पडलो तरी ते बांधणारच," तो फोनवर म्हणाला. मी काम सोडलं. दुसऱ्या कुणाला तरी दिलं गेलं. समीर अजून आत आहे की बाहेर, मला नक्की माहीत नाही. आम्ही आता फारसं बोलत नाही.

काम सोडून मी सुटले असं मला वाटलं होतं. मे महिन्यात काशिनाथचा फोन आला. रेंजसाठी तो रस्त्यापर्यंत चालत आला असणार, मागे ट्रक ऐकू येत होते. नवे साहेब येऊन गेले होते. त्यांच्या नकाशात भिंती, छप्पर सगळं बदललं होतं. पाया तेवढा माथ्यावरच्या माझ्या पहिल्या आराखड्यातला ठेवला होता; वहीतली ती पानं समीरकडेच राहिली होती.

"ताई, पाया किती खोल जाईल?" त्याने विचारलं. "आमची पोर तीन फुटांवर हाय."

पायाच्या खोलीचा आकडा मीच पहिल्या दोन खड्ड्यांवरून काढला होता.

"साडेचार फूट," मी म्हटलं.

"म्हंजे हलवायला लागंल."

"हो."

"पावसाच्या आधी?"

"पावसाच्या आधी."

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत काशिनाथ थांबला.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगायला लागंल."