वारेचा पापुद्रा
स्पिरिटचा वास आला की मरोळची मामी आठवते. स्टोव्हच्या भडक्यात तिचा हात भाजला होता. रोज सकाळी हॉस्पिटलात जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना ती माझं मनगट आवळून ओरडायची. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखमेवर एक ओला, पारदर्शक पापुद्रा पसरला. "बाळंतिणीच्या वारेचा आहे, बाळामागून पडते ना, तिचा; तिला विचारून घेतलाय. आता रोज सोलायला नको." मामीने विचारलं, "कोण हो ती?" नाव काही कळलं नाही. पापुद्रा आपोआप सुटला तेव्हा खाली गुलाबी कातडी आली होती. घरी निघताना मामी थेट बाळंतिणींच्या वॉर्डात शिरली. "अगं, ती बाई कधीच घरी गेली असेल," मी म्हटलं. "असू दे गं," म्हणत तिने प्रत्येक बाळावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी लाजून दारातच थांबले. आज तिथे असते तर मीही तिच्यामागून आत गेले असते.