देवळाच्या आवारातले पत्रे

शिवराम तात्या गेले ही बातमी मला माणसाने नाही, बॅनरने सांगितली. कामावरून परतताना घोडपदेवच्या नाक्यावर मान वर केली, तर दोन खांबांच्या मध्ये तात्या हात जोडून उभे. वर लिहिलेलं, ‘आपद्ग्रस्तांचा आधारवड हरपला’. खाली शोकाकुल म्हणून नऊ चेहरे, आणि नऊच्या नऊ हसरे. तात्यांचा फोटो कुठून कापलाय ते मी लगेच ओळखलं. त्यांच्या खांद्यामागे पत्र्यांची थप्पी दिसत होती. म्हणजे तो मदतीच्या गाडीपुढचा फोटो. फोटो काढणाऱ्याला तात्यांनी तेव्हा हाकलून दिलं होतं. मेल्यावर त्यांना हाकलता आलं नाही.

आठवड्याने लालबागच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मंडळाचे अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “तू पण दोन मिनिटं बोल. पण चांगलंच बोल हां.” मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते दोन मिनिटांत बसणारं नव्हतं, आणि सगळं चांगलं तर नव्हतंच. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. या नियमाचा फायदा गेलेल्याला कधी होत नाही, मागे उरलेल्यांना होतो. म्हणून सहा आठवडे थांबून इथे लिहिते आहे.

आमचं आणि तात्यांचं गाव एक, रत्नागिरी जिल्ह्यातलं. घोडपदेवची चाळही एक. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. तरी मुंबईत त्या एका गावाची मंडळं दोन. एक गावकीचं, म्हणजे देवळाचा मान ज्यांच्याकडे त्या घरांचं, आणि एक आमच्या बौद्धवाडीचं. तात्या गावकीच्या मंडळाचे चिटणीस. आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर गिरगावात एका ऑफिसच्या दारावर वॉचमन. उरलेला सगळा वेळ मंडळाला. कोकणात कुठे दरड कोसळली, नदी चढली, वारं सुटलं की चाळीच्या गॅलरीत तात्यांचा कारखाना सुरू व्हायचा.

त्यांचं काम मी लहानपणापासून पाहिलंय आणि त्याबाबतीत मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. लोकांनी आणून टाकलेली प्रत्येक पिशवी ते स्वतः उघडायचे. साडी उजेडात धरायचे. विरलेली दिसली की घडी करून पुन्हा पिशवीत, आणि पिशवी घेऊन थेट देणाऱ्याच्या दारात. “हे तुझ्या आयशीला नेसवशील काय? नाय ना? मग माझ्या गावातल्या बाईला कशाला?” साडी असेल तर परकर हवाच, भांडं असेल तर झाकण हवंच. परळच्या टॉवरमधून एकदा एक बाई गाडीभर सामान घेऊन आल्या. त्यात जरीचे लेहंगे होते आणि एकाच पायाची सँडल होती. तात्यांनी ती सँडल हातात घेऊन गंभीरपणे विचारलं, “मॅडम, पुरात एकच पाय वाहून गेलेला माणूस तुमच्या वळखीचा हाय काय?” अख्खी गॅलरी हसली. बाई चिडून गेल्या, आणि मंडळाचा एक मोठा देणगीदार त्यांच्याबरोबर गेला. अध्यक्षांनी तात्यांना यावरून महिनाभर सुनावलं. तात्या म्हणाले, “गेला तर गेला. लेहंग्यात भात शिजत नाय.”

पत्र्यांच्या बाबतीत तर ते जास्तच कडक. लोक पत्रे देतात आणि हुक द्यायला विसरतात. नुसता पत्रा दिला तर पुढच्या वाऱ्यात तो शेजाऱ्याच्या मानेवर पडतो, असं ते म्हणत. दर पत्र्यामागे हुक आणि त्याखालचा रबरी वायसर ते स्वतः पुडी बांधून देत. इतका बारीक विचार करणारा माणूस... म्हणूनच मला त्यांची ती एक गोष्ट कधी माफ करता आली नाही.

चक्रीवादळ आलं त्या वर्षीची गोष्ट. गावातलं जवळजवळ प्रत्येक छप्पर उडालं होतं. वारा वाडी बघून वाहत नाही. तात्यांनी पंधरा दिवसांत ट्रक भरला. आमच्या मंडळानेही वर्गणी दिली. माझ्या पप्पांनी सुट्टी टाकून दिवसभर पत्रे गाडीत चढवले, त्यांचे तळहात कापले. ट्रक गावात गेला आणि थेट देवळाच्या आवारात उभा राहिला. तिथे मांडव, माइक, मंडळाचा फ्लेक्स. पालखीला जसा मान तसाच पत्र्यांनाही. पहिलं नाव मानकऱ्यांचं, मग वाडीवार क्रमाने. प्रत्येक घराने पुढे यायचं, देवाला हात जोडायचे, अध्यक्षांच्या हातून पत्रा घ्यायचा, फोटो. आमच्या वाडीतली अकरा घरं गेली नाहीत. ज्या देवळाच्या पायरीखाली आमच्या आज्याला उन्हात उभं करत, ज्या देवाला आम्ही जाणूनबुजून सोडलं, त्याच्यापुढे हात जोडून पत्रा घ्यायला ती का जातील? संध्याकाळपर्यंत पत्रे संपले. आमच्यासाठी बाजूला कुणी ठेवले नव्हते.

माझी पारू आत्या त्या वाडीत एकटी राहते. तिने दुसऱ्या दिवशी मांडव सोडणाऱ्या पोरांकडून तो फ्लेक्स मागून घेतला आणि घरावर ओढला. त्यावर अध्यक्षांचा हसरा चेहरा होता, छापील बाजू आतून. तो सगळा पावसाळा माझ्या आत्याने अध्यक्षांच्या बत्तीस दातांखाली काढला.

मी पत्रक काढलं. आमच्या घरात हेच चालत आलंय, पप्पा छापखान्यात कामाला, अक्षरओळख मला पत्रकांवरच झाली. मथळा होता, ‘देवळाच्या आवारात वाटलेली मदत कुणाची?’ चाळीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर चिकटवलं. तासाभरात तात्या आमच्या दारात. पत्रक हातात, भिंतीवरून नीट सोलून आणलेलं.

“काय गो बाय, हे तू लिवलंस?”

“हो.”

“सगळ्या वाड्यांना हाक मारली व्हती. तुमच्या पण. आले नाय, त्याला मी काय करू?”

“तात्या, हाक देवळात मारलीत.”

“देवळात नाय. आवारात.”

“उद्या आम्ही विहारात वाटप ठेवलं आणि आधी वंदना घ्या म्हटलं, तर तुमची माणसं येतील?”

तात्यांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, “गाडी वळवायला जागा पायजे होती. गावात तेवढीच जागा हाय.”

पप्पा मधे पडले. “बसा तात्या, चहा टाकतो.” एरवी आमच्याकडे दोन-दोन कप चहा पिणारे तात्या त्या दिवशी चहा न घेता गेले. मला खात्री आहे, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात खरोखर गाडी वळवण्याचाच विचार होता. परकर विसरू नये, झाकण विसरू नये, वायसर विसरू नये म्हणून जागणारा हा माणूस अकरा घरं विसरला, आणि विसरलो हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्याला आपण काय केलं ते माहीत असतं.

त्या दिवाळीत मंडळाची स्मरणिका निघाली. चिटणिसांच्या अहवालात, तात्यांच्या सहीनिशी, एक वाक्य होतं: ‘गावातील प्रत्येक घरापर्यंत मदत पोहोचविण्यात आली.’ मी ती घेऊन वर गेले.

“हे सुधारा.”

“छापून झालं आता.”

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. अकरा घरं राहिली, एवढंच लिहा.”

“मंडळाची इज्जत हाय गो. लोक उद्या देणगी देणार नाय.” मग चष्मा काढून म्हणाले, “तुला पत्रे पायजेत का माफी?”

“दोन्ही.”

“दोन्ही कुणालाच भेटत नाय,” तात्या म्हणाले आणि हुकांच्या पुड्या बांधू लागले.

पुढच्या पावसात नदी चढली, भातशेती आणि घरं चिखलात गेली. या वेळी तात्या ट्रकच्या दोन दिवस आधी एकटे गावी गेले. गुडघे गेलेले, तरी काठी टेकत प्रत्येक वाडीत फिरले, कुणाच्या घरात काय गेलंय ते विचारत. आमच्या वाडीतही. आत्याच्या पडवीत बसले, पाणी प्यायले. ट्रक देवळात गेला नाही. तो तिठ्यावर थांबला, जिथे देवळाकडचा रस्ता, आमच्या वाडीची वाट आणि हमरस्त्याकडून येणारा अरुंद रस्ता मिळतात. मांडव नाही, माइक नाही, नावांचा पुकारा नाही. जो आधी आला त्याने आधी उचललं. गाडी वळवायला तिठ्यावर जागा नव्हती. इब्राहिमभाई ड्रायव्हरने ती अर्धा मैल रिव्हर्समध्ये काढली. म्हणजे काढता येत होती!

मी फोनवर आत्याला म्हटलं, “केलं त्यांनी, पण चूक कबूल कुठे केली?” आत्या म्हणाली, “तुला कागदावर पायजे, मला डोक्यावर.” मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. डोक्यावरचा पत्रा दहा वर्षं टिकतो. कागदावरचं खोटं पत्र्यापेक्षा जास्त टिकतं. उद्या आमचीच पोरं ती स्मरणिका वाचून म्हणतील, सगळ्यांना मिळालं होतं की.

जे मला माहीत नव्हतं ते तात्या गेल्यावर त्यांच्या बायकोने, काकींनी सांगितलं. त्या तिठ्याबद्दल मंडळाने तात्यांना बैठकीत उभं केलं होतं. गावदेवीचा मान मोडला, देणगीदारांना स्टेज मिळालं नाही. चिटणीसपद काढून घेतलं, कारण लिहिलं ‘प्रकृती अस्वास्थ्य’. पद गेलं, गोण्या उचलणं चालूच राहिलं. अध्यक्ष लालबागला झेंडा दाखवून घरी जायचे आणि तात्या ट्रकबरोबर गावी. दरवर्षी गाडी तिठ्यावर. हे सगळं तात्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी काकींवर ओरडलेच, “मला का नाही सांगितलं? मी पत्रक काढलं असतं!” काकी म्हणाल्या, “म्हणूनच नाय सांगितलं.” माझा राग त्यांना चालत होता. माझी बाजू नको होती. आमच्या वाडीसाठी त्यांनी पद घालवलं, पण आमच्या वाडीतली पोरगी आपल्या बाजूने उभी आहे हे चारचौघांत दिसणं त्यांना परवडलं नसतं. याला मोठेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

शेवटची भेट त्यांच्या खोलीतली. पाठीला उशी, पाय सुजलेले. मी विचारपूस केली आणि मग न राहवून म्हटलं, “तात्या, ते वाक्य...” त्यांनी डोळे मिटले. “आता कोण वाचतंय ते?”

“मी वाचते.”

“तू एकटी,” तात्या म्हणाले. ते हसले की खोकले, मला सांगता येणार नाही.

ते गेल्यावर महिन्याच्या आत नदी पुन्हा चढली. मंडळाने जाहीर केलं, ‘कै. शिवराम तात्या स्मृती मदत मोहीम’. टॉवरमधली कुठलीशी संस्था आली, कॅमेरे आले. ठराव झाला की वाटप पूर्वीसारखं देवळाच्या आवारात, स्टेजवरून. तात्यांच्याच नावाने! मी बैठकीच्या दारात जाऊन विरोध केला. अध्यक्ष म्हणाले, “तुझं मंडळ वेगळं आहे ना? मग तिकडे बोल.” पप्पा आणि मी तरी ट्रकबरोबर गेलो, निदान अकरा घरांचं सामान डोळ्यांसमोर राहील म्हणून. सगळ्या वाटेत मी मनात तात्यांशी भांडत होते. एक ओळ लिहून ठेवली असती, तर ती या लोकांच्या तोंडावर मारता आली असती.

तिठा आला आणि ट्रक थांबला. इब्राहिमभाईने इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. अध्यक्षांची मोटार आधीच वर गेली होती. पाच मिनिटांत फोन आला, तो त्याने स्पीकरवर टाकला.

“इब्राहिम, कुठे अडकलास? वर आण गाडी!”

“साहेब, ये गाडी वर नहीं जाती.”

“का? रस्ता आहे की!”

“तात्या बोला है, तिठ्यावरच.”

“अरे, तात्या गेले!”

“मालूम है साहेब. मैं भी मय्यत में था.” आणि त्याने फोन ठेवून ट्रकचा मागचा फळका खाली पाडला.

खाली दोन्ही बाजूंनी माणसं आधीच उभी होती. देवळाकडची आणि आमची. स्टेजचं आमंत्रण त्यांना गेलं असेलही, पण इतक्या पावसाळ्यांत त्यांचे पाय तिठ्यावर यायला शिकले होते. पारू आत्या डोक्यावर चुंबळ ठेवून मानकऱ्यांच्या सुनेच्या पुढे उभी होती, आणि मागून ती सून म्हणत होती, “सरक गो म्हातारे, का आजच सगळा ट्रक नेतेस?” आत्या म्हणाली, “नेईन की. तू मागून ढकल.” स्मरणिकेतलं वाक्य अजून तसंच आहे, म्हणून ते मी इथे दुरुस्त करते: त्या वादळात अकरा घरांना काहीही मिळालं नाही, आणि चूक शिवराम तात्यांची होती. ती त्यांनी एकट्याने निस्तरली. तोंडाने कधीच नाही.

अर्ध्या तासाने अध्यक्ष उतारावरून चालत खाली आले, बुटांना चिखल, मागे कॅमेरेवाले. माइक त्यांच्या हातातच होता. तोवर निम्मा ट्रक रिकामा झाला होता, आणि त्यांच्यापुढे जोडायला कुणाचे हात मोकळे नव्हते.