फुगीर गालाचा ड्यूक

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं पायजे, न्हाईतर माज्या पोटात ऱ्हायाचं न्हाई! माजे दाजी, म्हंजी थोरल्या आक्काचे मालक, गेले. साताऱ्याहून तार आली तवा मी सांगलीत, कालेजच्या खोलीवर भाकरी खात बसलो व्हतो. तापानं गेले. लढाईतनं, गोळ्यांतनं धड परत आल्याला माणूस, आन् घरात तापानं...

दाजी इटलीच्या लढाईत व्हते. बाकीचे फौजी येताना घड्याळं, बूट, कांबळी घिऊन आले. दाजींनी पेटीभर जुनी नाणी आणली. चांदीची, पर तव्यागत काळी! वाट्याच्या सिगारेटी तिकडच्या लोकांना दिऊन त्येंनी ती जमवली व्हती. "पावनं," मला म्हणायचे, "हे ड्यूक. म्हंजी तिकडचे संस्थानिक. आपल्या सांगलीएवढंच राज्य, पर मिजास बघा! जो त्यो आपल्या तोंडाचं नाणं पाडतोय." कुणाचा केसांचा टोप, कुणाचं पोपटागत नाक. एकदा मी म्हणलं, "दाजी, ह्यो फुगीर गालाचा अगदी तुमच्यावानी दिसतोय." "मग! आमी काय कमी हाय व्हय?" तोच त्येंचा लाडका.

पर लढाईवरनं आल्यावरच्या पयल्या दिवाळीला आक्कानं एक नाणं चिंचंनं घासून चकचकीत केलं आन् कौतुकानं दाखवाय गेली. दाजी वरडले न्हाईत. ताटावरनं उठले. हात धुता धुता म्हणले, "दोनशे वर्सांत चढल्याला रंग व्हता गं त्यो... तू एका चिंचंत काढलास." तवापासनं घरात नेमच झाला. नाणं कडंला धरायचं, तोंडाला बोट लावायचं न्हाई. मी एकदा चुकून अंगठा टेकला तर म्हणले, "मेव्हणं, ड्यूकच्या मुस्काटात मारताय व्हय?"

सुतक फिटंपतूर मी साताऱ्यालाच व्हतो. सुतक फिटलं की घरातलं समदं धुवायचं, ही आमच्याकडची रीत. कापडं, भांडी, वाकळा. शेजारच्या काकू आक्काला म्हणल्या, "त्येंचा हात लागल्यालं कायबी तसंच ऱ्हाऊ देऊ नगंस, बाई." आक्कानं ती पेटीबी न्हाणीपाशी आणली. सकाळपासनं ती रडत न्हवती, नुसती घासत व्हती. एका हातात चिंच, दुसऱ्या हातात त्यो फुगीर गालाचा.

मी धावलो. "आक्के, थांब!" नाणं कडंला धरून तिच्या हातातनं काढून घेतलं, उजेडात बघितलं. समदं नाणं काळं, पर ड्यूकचा तेवढा गाल पांढराफेक, गुळगुळीत. अंगठ्याएवढा! आमाला बोट लावू न देणारा ह्यो माणूस एकटा बसून त्यो गाल चोळत व्हता की वो...

आक्कानं बघितलं. चिंच खाली ठेवली. "खाटंवर पडल्या पडल्या मुठीत कायतरी धरायचे रं," म्हणली, "मी इचारलं तर हसायचे." तेवढ्यात काकू म्हणल्या, "अगं, ते धुवायचं ऱ्हायलं." आक्का म्हणली, "आवं काकू, भांडी धुतली, कापडं धुतली, त्येंचं अंथरूण धुतलं. येवढं ऱ्हाऊ द्या."

आता त्यो ड्यूक देवळीत हाय, दिव्याशेजारी. चांदीला कुणाचा हात लागला न्हाई तर ती पुन्यांदा काळी पडती, हे दाजींनीच सांगितल्यालं. परवा साताऱ्याला गेलो तर दिवा लावून झाल्यावर आक्का त्यो गाल अंगठ्यानं हळूहळू चोळत उभी व्हती. मी नेमाचं कायबी बोललो न्हाई... तुमच्या घरातबी ऱ्हायलंय का वो असं कायतरी, गेल्याल्या माणसाचा हात लागल्यालं, आन् तुमच्यानं धुववलं न्हाई असं?