गाठ ओळखणारी कुंदा

कुंदा कामडी कुणाचं दार वाजवत नसे, हाकही मारत नसे. दुपारी शाळा सुटली की ती एखाद्या घराच्या उंबऱ्याबाहेर येऊन नुसती उभी राही. दोन्ही हातांत, नैवेद्याचं ताट धरावं तशी, गाठ मारलेली कचऱ्याची कॅरीबॅग. घरातली बाई सहज बाहेर यायची आणि दचकायची. कुंदा हळू आवाजात म्हणायची, "काकू, तुमची पिशवी. नालीत राह्यली होती." पिशवी पायरीवर ठेवून ती निघून जायची. बाई तणतणत पिशवी फोडायची, तर आत तिच्याच मुलाच्या वहीचं पान, तिच्याच सासूच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. कुंदा कधी चुकली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. देवळीच्या शाळेत आम्ही नववीत होतो. कुंदा वर्षभरापूर्वीच हिंगणघाटहून आलेली. तिचे वडील जिनिंगमध्ये शेतकऱ्यांच्या कापसाची गाठोडी उतरवायचे काम करत. कुंदा माझ्याच बाकावर बसे. बोलणं कमी, हसणं तर नाहीच. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता ती हातांकडे बघायची. मी एकदा विचारलं, "तोंडाकडं काऊन नाई पाहत तू?"

"तोंड बदलवता येते," ती म्हणाली. "हात नाई."

त्याच वर्षी शाळेच्या भिंतीमागे एक गाय बसली ती उठलीच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट फाडलं, तेव्हा विज्ञानाच्या गावंडे सरांनी आम्हाला मुद्दाम तिथं उभं केलं. आतून पीळ पडलेला, गुलाबी-पांढऱ्या पिशव्यांचा एक गोळा निघाला. काढता काढता डॉक्टरांचे हात भरून आले. एका पिशवीवरचं मिठाईच्या दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं. कुंदा सगळ्यांत पुढे उभी होती. मुलं नाक धरून मागे सरली, ती सरली नाही.

सरांनी प्लास्टिकविरोधी फेरी काढली. आम्ही फलक धरून, घसा फोडून बाजारओळीतून फिरलो. लोकांनी कौतुक केलं. एका दुकानदाराने खूश होऊन सगळ्यांना चिवडा वाटला, कॅरीबॅगमध्ये. मला हसू आलं. कुंदाने आपली पिशवी उघडली नाही. तिने ती बराच वेळ हातात फिरवून पाहिली आणि सोमवारपासून लोकांच्या पिशव्या परत करायला सुरुवात केली.

पुढचं पाप माझं आहे. राऊतकाकूंकडे कुंदाने पिशवी दिली आणि तिसऱ्या दिवशी काका शिडीवरून पडले. मधल्या सुट्टीत मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "कुंदानं पिशवी दिली की तिसऱ्या दिवशी त्या घरात काहीतरी होते." नुसती गंमत. आठ दिवसांत ती गंमत गावभर फिरून आमच्याच किराणा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या तोंडून मला ऐकू आली. गल्ल्या साफ दिसू लागल्या. बायका जुन्या कापडी थैल्या शोधून काढू लागल्या. सर खूश होते, म्हणून मीही गप्प राहिले. कुंदा गल्लीत शिरली की एकामागून एक कड्या लागत जात. खट्, खट्, खट्. तो आवाज तिच्या पुढे पुढे चालायचा आणि भर दुपारी गल्ली ओस पडायची.

मग एका घरातलं चार महिन्यांचं बाळ तापाने फणफणलं, त्याला वर्ध्याला न्यावं लागलं. कुंदा तीनच दिवसांपूर्वी त्या दारात उभी राहिली होती. सकाळी कामडींच्या उंबऱ्यावर लिंबू आणि लाल मिरच्या पडलेल्या. शनिवारी बायका शाळेत आल्या. "त्या पोट्टीले शाळेतून काढा, सर. नाईतर आमच्या पोरी आमी घरी बसवतो." सरांनी सोमवारपर्यंतची मुदत मागितली.

त्या दुपारी कुंदा शाळेच्या नळावर एकटीच होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ते तिसऱ्या दिवसाची गोष्ट तू काढली ना, नंदे?"

माझी बोटं वेणीचं टोक पिळत होती. तिने बोटं पाहिली. "मालूम होतं मले," ती म्हणाली.

मग तिने स्वतःहून सांगितलं. "माणूस पाहून गाठ असते, नंदे. कोणी दोन पीळ देते, कोणी कान वर ठेवते. डावखोऱ्याची गाठ उलटी बसते. बाबा गाठोड्याची गाठ पाहून शेतकऱ्याचं नाव सांगते. मी तेच करून राह्यली. यात जादू नाई." तिने नळामागून मातीने माखलेली एक पिशवी काढली. "झाडं लावाले खड्डे खणले ना आपण, तिथं निंगाली. तुह्या घरची हाय. पण तुह्या बाबाले द्याची हिंमत नाई झाली."

दोन फास आणि टोकं आत खोचलेली. आमच्या घरात अशी गाठ फक्त आई मारायची, आणि आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. पिवळट प्लास्टिकमधून हिरव्या बांगड्यांचे तुकडे दिसत होते.

"कुंदा, माही आई…"

"मालूम हाय. ते गेली, हे ह्या पिशवीले मात्र कोणी सांगतलं नाई."

कुंदाने माझ्या आईला कधी पाहिलंच नव्हतं. तरी त्या क्षणी काही विचारायची माझी छाती झाली नाही.

मी पिशवी दुकानात नेली. बाबा साखर तोलत होते. गल्ल्यावर पिशवी ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात तराजूवरून सुटला. एका बोटाने त्यांनी गाठ चाचपली. "हे तं शांतीनं बांधली." तीन वर्षांत आईचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. बाबांनी डोक्यावर टांगलेल्या गुलाबी पिशव्यांच्या जुडग्याकडे पाहिलं आणि ते खिळ्यासकट उपटून काढलं. तेव्हा मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं.

सोमवारी शाळेत बाबा माझ्या शेजारी उभे होते. सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं, "ते गोष्ट मी रचली. कुंदानं कोणाचं वाईट नाई केलं." आईची पिशवी टेबलावर ठेवली, ती कुणाची ते सांगितलं आणि कुंदा गाठीवरून माणूस ओळखते हेही सांगितलं. तापातून उठलेल्या त्या बाळाची आजी पुढे आली, पिशवीला हात जोडले आणि कुंदाकडे न बघता निघून गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या.

कुंदाला शाळेतून काढायची गोष्ट मिटली. पण कड्या लागायच्या थांबल्या नाहीत. भीती मी एका वाक्यात घातली होती, ती एका वाक्यात निघाली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या वडिलांनी पुन्हा हिंगणघाटला काम धरलं.

स्टँडवर निरोप द्यायला मी एकटीच गेले, फडक्यात चकल्या बांधून. ती एसटीत खिडकीशी बसली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "लोकं भेले म्हून रस्ते साफ झाले. भेव सरलं का पुन्हा टाकतीन. तू सांगत राह्यजो. पण खरं सांगजो."

मग महिनाभर मनात दडवलेलं मी विचारलं. "माह्या आईले तू पाह्यलं नाई. मंग गाठ कशी ओळखली?"

तिने मांडीवरच्या चकल्यांच्या फडक्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. "अवो, तू मारते तेच तं गाठ हाय ते! रोज तुह्या डब्याच्या फडक्याले पाह्यतो मी. पिशवी जुनी, तवा तू लहान असशीन. मंग आईचीच ना?"

एसटी वर्ध्याच्या रस्त्याला लागली. आईने मला गाठ मारायला शिकवल्याचं काही केल्या आठवेना. स्टँडच्या बाकावर बसून मी रुमाल काढला आणि बोटांकडे बघत हळूहळू गाठ मारली. दोन फास, टोकं आत. बोटं कुठेच अडखळली नाहीत.