कवळी माझ्या रुमालात

टोकावड्याच्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या की तो दिसायचाच. बैल दुसऱ्यांचे, हाकणारा हा. पंचवीस वर्षं तेच केलं, पण स्वतःच्या दावणीला कधी बैल आला नाही. शेवटच्या टप्प्यात बैलाची शेपटी दातांनी चावायची, ही त्याची ख्याती. एकदा लाथ बसली आणि पुढचे दात गेले. कवळी आल्यापासून शर्यतीआधी ती काढून माझ्या हातात द्यायचा. "धरा मास्तर. मोडली तं खाऊ कसा?" मग नुसत्या हिरड्यांनी शेपटी दाबली तरी बैल जुन्या धाकाने पळत.

गेल्या उन्हाळ्यात मी कवळीसाठी रुमाल पसरला, पण तो तसाच गाडीवर चढला. गाडी दुसऱ्या नंबरात आली. बैलांचा मालक चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलला. मग हा माझ्याशेजारी बसून गुडघे चोळू लागला.

"शेपटी का नाही चावली?"

"आज चावायची नाय, घरूनच ठरवलेला. तो बैल बी म्हातारा झालाय, मास्तर."

थोड्या वेळाने सवयीने त्याने माझ्यापुढे हात पसरला. कवळी त्याच्या तोंडातच होती.