एकाच नावाच्या दोन सूचना

लग्नानंतर मी रोह्याला आले, पण माहेर कासूच्या पलीकडे खाडीकाठी. त्यामुळे उधाणाची धास्ती काही सुटली नाही. बांधाआड आमची भातशेती आहे. बांधातल्या दारांना आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला ती बंद ठेवायची, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. उलट झालं तर खारं पाणी शेतात शिरतं.

पेणच्या माझ्या मैत्रिणीनं आणि मी मिळून गावासाठी दोन मोबाइल ॲप बनवली होती. एक सगळ्या शेतकऱ्यांसाठी, दुसरं बांधाची राखण करणाऱ्या मोजक्या माणसांसाठी. दोन्हींना लागणारे संदेश आणि आवाज आम्ही एकाच सामायिक लायब्ररीत ठेवले होते. तिथे एकदा बदललं की दोन्हीकडे बदलायचं, तेवढाच त्रास कमी.

भाद्रपदातली अमावास्या होती, भात पोटरीला आलेलं. राखणदारांच्या ॲपची नवी आवृत्ती आम्ही सकाळीच पाठवली होती. बिल्ड, म्हणजे सगळे तुकडे जोडून ॲप तयार करायचं काम, एकही तक्रार न करता पार पडलं होतं. मी भाजी फोडणीला टाकत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते स्वतः राखणदार.

"अगो बाय, तुझा फोन सांगतंय ओहोटी लागली, उघाडी उघडा. पन हितं तं पानी चढतंय!"

"बाबा, फोनवरचं मानू नका! भरतीच आहे. कुणी उघडली नाय ना?"

"मी नाय उघडली. पन खालच्या अंगाला तुझा काका हाय. त्यानं वाचलं असंल तं..." आणि फोन कट झाला.

काकांना लावला. नुसती रिंग जात राहिली. राखणदारांच्या ग्रुपवर बोलून संदेश टाकला: भरती आहे, उघाडी बंद ठेवा. कुणीच ऐकला नव्हता. गॅस बंद करून मी लॅपटॉप उघडला आणि मैत्रिणीला फोन केला.

"शेतकऱ्यांच्या ॲपमध्ये तर बरोबर दिसतंय गं," ती म्हणाली. "भरतीचा इशारा, लाल रंगात. लायब्ररीतही तेच आहे."

मग एकाच ठिकाणाहून घेतलेला संदेश एका ॲपमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात चूक कसा? मी लायब्ररी पुन्हा जोडली, जुनं सगळं पुसून बिल्ड पुन्हा चालवलं. पुन्हा तेच, ओहोटी लागली. बिल्ड चालू असताना माझा अंगठा काकांच्या नंबरवर होता.

"थांब," मैत्रीण एकदम म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "परवा राखणदारांच्या ॲपमध्ये मी ओहोटीचा वेगळा संदेश टाकला. त्याचं नाव नुसतं 'सूचना' ठेवलंय."

लायब्ररीतल्या भरतीच्या इशाऱ्याचं नावही 'सूचना'च होतं. एकाच नावाच्या दोन गोष्टी सापडल्या की बिल्ड ॲपमधली उचलतं आणि लायब्ररीतली गुपचूप टाकून देतं. त्यात त्याला काही चूक वाटत नाही, म्हणून ते बोलतही नाही. मी लायब्ररीतलं नाव बदललं, बिल्ड केलं, माझ्या फोनवर दोन्ही संदेश उघडून पाहिले आणि फाइल ग्रुपवर टाकली. पुन्हा काकांना फोन लावला, उचलला नाही. बांधावरच्या माणसाला आता ॲप बदलायला सांगून काय उपयोग?

बऱ्याच वेळानं बाबांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती. संदेश वाचून काकांनी उघाडीची फळी अर्धी वर केली होती, फोन सायकलच्या पिशवीत ठेवला होता. बाबा बांधावरून धावत गेले आणि दोघांनी मिळून फळी पुन्हा खाली बसवली.

"पानी शिरलं?" मी विचारलं.

"शिरलं थोडं. कोपऱ्यातल्या खाचरात. बाकी भात वाचलंय. रडतंस कशाला गो?"

मैत्रीण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रोह्याला आली. आम्ही जेवणसुद्धा विसरून लायब्ररीतलं एकेक नाव दोन्ही ॲपशी ताडून पाहिलं आणि तिथल्या प्रत्येक नावाआधी वेगळी खूण लावली. आणखी दोन नावं तशीच सारखी निघाली. एक नुसत्या चित्राचं होतं. दुसरं होतं बांध फुटल्यावर वाजायच्या भोंग्याचं. त्याच्या जागी राखणदारांच्या फोनवर साधी टिंग वाजली असती, आणि ते आम्हाला बांध फुटल्यावरच कळलं असतं.