जगली किती?

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकाही जाहिरातीवर विश्वास ठेवलेला नाही, आणि जाहिरातीत हिरवं पान दिसलं की ते आधी चष्मा पुसून घेतात. कंपनी सेक्रेटरी म्हणून ते निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. कोथरूडमध्ये बाकीचे लोक सकाळी गॅलरीत पेपर वाचतात, मामा कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतात, तेही मागच्या पानापासून. त्यांच्या मते पुढे फोटो असतात, कंपनी मागे असते. एका साबणवाल्यांना तर त्यांनी फोन करून विचारलं होतं, "वेष्टनावर 'निसर्गाचा मित्र' असं लिहिलंय आपण. निसर्गाला कळवलंय का हे?" मोठ्या कंपन्यांनी पर्यावरणाचं काय केलं ते जाहीर करायचं आणि खोट्या हिरवेपणाबद्दल कायद्याने जाब द्यायचा, असे नियम आले तेव्हा मामांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं.

पुढे ते खरोखरच ठरायला आलं, आणि तिथेच माशी शिंकली. मुलीने स्वतःच पसंत केलेला मुलगा, सालस, हसतमुख. पण नोकरी कसली, तर एका कंपनीचे पर्यावरण अहवाल लिहिण्याची! मामी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पुण्यात तुला हाच सापडला?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जिजू, बाबा नाही म्हणाले तर मी काय करू हो?" मला तिची फार दया आली, पण मामांना समजवायला जाण्याची माझी काय टाप!

मुलगा पोहे खायला आला तेव्हा मामांच्या मांडीवर त्याच्याच कंपनीचा अहवाल होता. त्याने पहिला घास घेतला न घेतला तोच मामा म्हणाले, "टेकडीवर हजारो झाडं लावली म्हणता. छान. जगली किती?"

मामींनी कपाळाला हात लावला. मुलाने बशी खाली ठेवली. "काका, खरं सांगू? मला माहीत नाही. कुणी बघितलंच नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"लावलेली मोजायची पद्धत आहे, काका. जगलेली बघायला रविवारी जाऊ या आपण?"

रविवारी दोघं टेकडीवर गेले आणि उन्हाने लालबुंद होऊन परतले. बहुतेक रोपं वाळून गेली होती. पुढच्या अहवालात मुलाने ते तसंच लिहिलं. साहेबांनी डोळे वटारले, तेव्हा त्याने नवे नियम पुढे केले आणि हटला नाही. छापून आलेलं ते पान मामा येईल त्याला वाचून दाखवायचे. मुलीच्या दहावीच्या निकालाचंसुद्धा त्यांनी इतकं कौतुक केलं नव्हतं. महिन्याभरात याद्या झाल्या.

पाठवणीच्या वेळी जावई वाकून म्हणाला, "काका, मी हिला सुखात ठेवीन." आम्ही सगळ्यांनी श्वास रोखले. आता हे कसला पुरावा मागतात कोण जाणे! मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसतं "हो" म्हणाले.

घरी जाताना गाडीत ते मला हळूच म्हणाले, "काय हो जावईबापू, पोचल्यावर फोन करेल ना ती?"

"करेल हो, मामा."

कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही.